सहा नंबर हलला का?

त्याला सगळे नाकतोड्या म्हणायचे. उंच, काटकुळा, कोपरं आणि गुडघे बाहेर आलेले, त्यामुळे नाव शोभूनही दिसायचं. पण ते पडलं होतं त्याच्या खेळामुळे. पूलच्या टेबलावर पांढऱ्या चेंडूच्या वाटेत दुसरा चेंडू आडवा आला की बहुतेक खेळाडू कडेच्या कुशनवर टप्पा देऊन वळसा घालतात. नाकतोड्या वळशाच्या भानगडीत पडत नसे. पिशवीतून आखूड काठी काढायचा, ती भाल्यासारखी वर धरायचा, कोपर कानाच्या उंचीला न्यायचा आणि पांढऱ्याला वरून असा टोला द्यायचा, की तो टुणकन उडून मधल्या चेंडूच्या डोक्यावरून पलीकडे. लोक खास तेवढ्यासाठी यायचे. एरवी तो बरा खेळाडू होता, पण उडीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

कुणी नव्हता म्हणजे, एक होता. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

लग्न झालं तेव्हा हा मेहुणा शाळेत होता. ताईला भेटायला म्हणून यायचा आणि दिवसभर भावजींच्या मागे हॉलमध्ये ठाण मांडून बसायचा. नाकतोड्यानं त्याला उडी शिकवली ती आधी गंमत म्हणून. मग पोराचा हात बघितला आणि मन लावून शिकवली. आता तो पोरगा त्याच्यासारखाच व्यावसायिक झाला होता. गावोगावी जायचा, जिंकायचा, आणि भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, “भावजी, काठी बघू.”

तर त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीला हे दोघे समोरासमोर आले. बायको रजा टाकून आली होती. ती शहराची बस चालवायची, आणि रजा मिळवण्यासाठी तिला डेपोच्या साहेबाशी चांगलीच हुज्जत घालावी लागली होती. प्रेक्षकांत बसताना तिनं दोघांनाही बजावलं, “मी टाळ्या वाजवणार नाही. कुणासाठीच नाही. मला त्यात ओढू नका.”

सामना रंगला. आठ-आठ डाव झाले आणि शेवटचा निर्णायक डाव उरला. टेबलावर तीन, चार, सहा आणि नऊ नंबरचे चेंडू होते. या खेळात सगळ्यात लहान आकड्याच्या चेंडूला आधी लागावं लागतं. म्हणजे तीन नंबरला. आणि मेहुण्यानं जाता जाता पांढरा असा काही लपवला होता, की तीन आणि पांढऱ्याच्या मधोमध सहा नंबर आडवा उभा. अंतर वीतभर. उडी मारायची तर जवळजवळ उभीच.

नाकतोड्यानं आखूड काठी काढली. हॉलमध्ये चिडीचूप झालं. पंच वाकून टेबलाच्या कडेला डोळा लावून उभे राहिले, कारण उडी मारताना मधल्या चेंडूला नुसता स्पर्श झाला तरी तो फाऊल, आणि मग पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवायची मुभा समोरच्याला.

त्यानं टोला दिला. पांढरा उडाला, सहाच्या पलीकडे उतरला, तीनला लागला आणि तीन कोपऱ्यातल्या भोकात गडप. टाळ्यांनी हॉल दणाणला.

पण नाकतोड्या काठी तशीच धरून उभा. टोला देताना त्याला काहीतरी ऐकू आलं होतं. टिक्. अगदी बारीक. नखावर नख वाजावं तसं.

तो पंचांकडे वळला. “लागला बहुतेक.”

“काय लागला?”

“सहाला. पांढरा घासला वाटतं.”

पंच गोंधळले. इतक्या वर्षांत स्वतःच्या विरुद्ध तक्रार करणारे खेळाडू त्यांनी पाहिले होते, पण ‘वाटतं’ म्हणणारा हा पहिलाच. “माझ्यासमोर झालं. नाही लागला. खेळा.”

नाकतोड्यानं मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा खुर्चीवर टॉवेल मांडीवर घेऊन बसला होता. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “नाही लागला, भावजी. खेळा तुम्ही.”

आता पंच नाही म्हणतायत, प्रतिस्पर्धी नाही म्हणतोय, मग आपणच हट्टाला का पेटावं? तो वाकला. पुढचा चार नंबर मधल्या भोकाच्या तोंडाशीच होता. हॉलमध्ये पहिल्या दिवशी शिकायला येणाराही तो घालू शकला असता. पण डोक्यात ते टिक् वाजतच होतं. लागला असेल तर हा चार मी मारायलाच नको. नाही लागला म्हणतायत. पण मी ऐकलं ना. ऐकलं की वाटलं? या घोळात काठी कधी पुढे गेली ते त्याला कळलंही नाही. चार नंबर भोकाच्या ओठावर थडकला, थरथरला आणि बाहेर आला.

हॉलमधून एकच ‘अरेरे’ निघाला. मेहुणा उठला, चार, सहा, नऊ एकापाठोपाठ एक घातले आणि सामना संपला. त्यानं हात मिळवला खरा, पण नजर नाही मिळवली.

खेळाडूंच्या खोलीत शिरल्याबरोबर मेहुणा कडाडला. “का केलंत असं?”

“काय केलं?”

“चार नंबर सोडलात. मला दिलात. मी काय मागितला होता?”

“अरे, चुकला माझा.”

“तो? तो चुकला? भावजी, तुम्ही झोपेत घालाल तो. मला एवढा लेचापेचा समजता? तुमच्या मेहेरबानीनं फायनल खेळू मी?” त्यानं काठ्या पिशवीत कोंबल्या आणि दार आपटून निघून गेला.

नाकतोड्या बाकावर बसून राहिला. त्याला आधी राग आला. मग हसू आलं. आणि मग एक प्रश्न मनात आला, आणि त्यासरशी राग आणि हसू दोन्ही मावळलं. पोरगा म्हणतो ते खरं तर नसेल? चार नंबरवर वाकलो तेव्हा माझ्या मनात काय होतं? फाऊल झाला, त्याची भरपाई करून टाकू, असं तर हातानं परस्पर ठरवलं नाही ना? तो आठवायला लागला. आणि जितकं आठवावं तितकं ते हातातून निसटायला लागलं.

एवढ्यात फोन वाजला. सासरे. “जावईबापू! पाहिलं आम्ही इथे पडद्यावर. मन भरून आलं हो. एवढं मोठं मन!”

“बाबा, तसं काही नाही. माझा चुकला.”

“हो हो, चुकला. आपण तसंच म्हणायचं. मी कुणाला बोलणार नाही.”

“बाबा, खरंच चुकला.”

“हेच, हेच ते! वर हा नम्रपणा!” पलीकडे सासूबाईंचाही आवाज येत होता, “माझ्याकडून पण सांगा हो त्यांना.” नाकतोड्यानं कपाळावर हात मारला. नाही म्हणावं तेवढा आपण अधिकच थोर ठरतो, हे बघून त्यानं फोनच ठेवून दिला.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत बायकोनं दाराला कडी लावली, समोर खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, “दिलास का?”

“नाही.”

“नक्की?”

आता ‘नक्की’ म्हणायला काय जात होतं? पण ते तोंडातून निघेना. “बहुतेक नाही.”

“बहुतेक? अरे, बहुतेक काय? मी बस चालवते. थांब्यावर थांबले की नाही असं कुणी विचारलं तर मी बहुतेक म्हणते का?”

“तू मुद्दाम थांबतेस. मी मुद्दाम चुकलो की आपोआप, हेच मला कळत नाहीये.”

तिनं खुर्ची आणखी पुढे ओढली. “हे बघ, तू दिला असशील तर मी तुझ्यावर चिडणार, कारण तू त्याला कमी लेखलंस. दिला नसशील तर त्याच्यावर चिडणार, कारण तो तुला वाटेल ते बोलला. मला कुणावर तरी चिडू दे. अशी मधल्यामध्ये लटकवू नकोस.”

“मी स्वतःच लटकलोय,” तो म्हणाला. तिनं उशी ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

सकाळी दुसरंच लचांड उभं राहिलं. स्पर्धाप्रमुखांचा निरोप आला. प्रेक्षकांतल्या कुणीतरी तक्रार केली होती, की दोघे नातेवाईक आहेत, आणि मोठ्यानं धाकट्याला सामना सोडला. चौकशी होणार होती. ठरवून सोडल्याचं निघालं तर दोघेही बाद, आणि फायनलला दुसऱ्या उपांत्य सामन्यात हरलेला खेळाडू जाणार.

“म्हणजे तुला एका शब्दात उत्तर द्यावं लागणार,” बायको म्हणाली. आता तिचा राग उतरून तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. “आणि ‘बहुतेक’ चालणार नाही.”

चौकशीला अवकाश होता. नाकतोड्या काठ्या घेऊन सरावाच्या हॉलमध्ये गेला. त्याला वाटलं, निदान पहिला गुंता तरी सोडवू. सहा नंबरला लागला होता की नाही एवढं कळलं, तरी पुढचे धागेदोरे हाती लागतील. मेहुणा तिथे आधीच सराव करत होता. त्यानं मान वर केली नाही. नाकतोड्यानं कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावर तीन आणि सहा जसेच्या तसे मांडले, पांढरा वीतभर अंतरावर ठेवला आणि उडी मारली.

टिक्.

पांढरा स्वच्छ पलीकडे गेला होता. सहा जागचा हलला नव्हता. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा टिक्. मग त्यानं सहा नंबर उचलून बाजूलाच ठेवला आणि मोकळ्या टेबलावर उडी मारली. तरी टिक्!

तो काठीचं टोक तपासायला लागला. मूठ फिरवून पाहिली, सांधा पिळून पाहिला. सगळं घट्ट.

“तुझं कोपर वाजतंय,” बायको मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नव्हतं.

“काय?”

“कोपर. वर नेतोस आणि झटका देतोस तेव्हा. मला इथपर्यंत ऐकू येतंय.”

त्यानं काठी खाली ठेवली आणि नुसताच हात वर नेऊन झटकला. टिक्. पुन्हा झटकला. टिक्. जन्मभर ज्या हातावर पोट भरलं, तो हातच आता म्हातारा होऊन कुरकुरायला लागला होता, आणि त्यापायी कालपासून सगळं रामायण झालं होतं. त्याला हसावं की रडावं कळेना. बायको मात्र खो खो हसत सुटली. हसता हसता तिनं त्याचं कोपर हातात घेऊन चोळलं.

“म्हणजे लागलाच नव्हता,” तो म्हणाला. “म्हणजे मी फुकट चुकलो.”

“लागला होता,” मेहुणा म्हणाला.

तो आपल्या टेबलावरून चालत आला होता. चेहरा उतरलेला. “मी आवाज-बिवाज काही ऐकला नाही. पण माझ्या खुर्चीवरून सरळ रेषेत दिसत होतं. सहा नंबर हलला. असा, केसभर. निदान मला तरी तसं दिसलं.”

“मग तू नाही लागला का म्हणालास?”

मेहुणा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “तुम्ही इतकी सुंदर उडी मारली होती. असली उडी मी बघितली नाही कधी. आणि पंच म्हणाले नाही लागला. मला वाटलं, केसभर तर हलला, जाऊ दे. तुमच्याकडून असा फुकटचा चेंडू मला घ्यायचा नव्हता.”

“म्हणजे तू मला सामना देत होतास?”

“देत नव्हतो! फक्त घेत नव्हतो.”

“आणि माझ्यावर ओरडलास, दार आपटलंस?”

“तुम्ही चार नंबर सोडलात तेव्हा मला वाटलं, भावजींना कळलं. मी खोटं बोललो ते यांनी ओळखलं, आणि चार सोडून सामना माझ्या तोंडावर फेकला. म्हणून राग आला.” त्यानं सहा नंबर उचलून हातात घेतला. “स्वतःचाच आला होता. तुमच्यावर काढला.”

बायको दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. “थांबा, थांबा. हा म्हणतो लागला नाही, कारण कोपर. तू म्हणतोस लागला, कारण दिसलं. पंच म्हणतात लागला नाही. मग लागला की नाही?”

“तुला पक्कं दिसलं?” नाकतोड्यानं विचारलं.

मेहुणा कालपासून जो प्रश्न टाळत होता तो असा समोर आल्यावर अडखळला. “काल पक्कं वाटत होतं. रात्रभर तेच आठवत बसलो. आता वाटतं, टाळ्यांनी टेबलच हादरलं असेल. भावजी, आता मला काहीच कळत नाहीये.”

“बस इथे,” नाकतोड्या म्हणाला आणि त्याला बाकावर जागा करून दिली. कालपासून आपण एकटेच खुळे झालोय असं त्याला वाटत होतं. जोडीला कुणी आहे म्हटल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं.

चौकशी एका अरुंद ऑफिसात झाली. स्पर्धाप्रमुख म्हणजे कडक इस्त्रीच्या शर्टातल्या, तोलून बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी चित्रण दाखवलं. कॅमेरा नेमका नाकतोड्याच्या पाठीमागे होता. पडद्यावर सहा नंबरच्या जागी त्याचा पार्श्वभाग तेवढा ठळक दिसत होता. कुणीही हसलं नाही.

“चार नंबर तुम्ही मुद्दाम चुकवलात का? हो किंवा नाही.”

नाकतोड्यानं खिडकीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. “मॅडम, मी नेम धरला होता तो भोकाचा. दुसरीकडे कुठे धरला नव्हता. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण डोकं तिथे नव्हतं. ते मागच्या फटक्यापाशी अडकलं होतं. ते तिथे का राहिलं, हे मला अजून उमगलेलं नाही.”

“हे हो आहे की नाही?”

“नाही. पण साधं सरळ नाही नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि तुम्ही?” त्यांनी मेहुण्याला विचारलं. “तुमच्यात काही ठरलं होतं?”

“मॅडम, आमच्यात काही ठरलं असतं तर कालपासून आम्ही असे भांडलो असतो का?” आणि मग त्यानं सगळं सांगितलं, सहा नंबर हलल्यासारखा दिसला, आपण गप्प बसलो, हेही. नाकतोड्यानं त्याला टेबलाखालून पाय मारून पाहिला, पण तो थांबला नाही.

बाईंनी पंचांना बोलावून घेतलं. पंच म्हणाले, सहा हलला नव्हता. जसं काल म्हणाले होते तसंच, ना इकडे ना तिकडे. बाईंनी एक मोठा श्वास सोडला. “पंचांचा निर्णय अंतिम. माझ्या नोकरीत सामना विकणारे बघितलेत मी. ते खूप नीट उत्तरं देतात. तुम्ही दोघे जा आता. फायनल ठरल्याप्रमाणे होईल.”

दुपारी फायनल झाली. नाकतोड्या बायकोशेजारी प्रेक्षकांत बसला. मेहुणा आत आला, तेव्हा नाकतोड्याला वाटलं, हा जिंकू दे, सगळं सार्थकी लागेल. पण मेहुण्याचा पहिला सोपा फटका चुकला आणि नाकतोड्याच्या छातीत आत कुठेतरी बारीकसं बरं वाटलं. ते बरं वाटणं इतकं उघड होतं, की त्यानं दचकून बायकोकडे बघितलं. तिला कळलं होतं का कोण जाणे. तिनं फक्त त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. पुढच्याच डावात मेहुण्यानं दोन चेंडूंवरून उडी मारली, आणि आपण जागेवरून उठून ओरडतोय हे नाकतोड्याला शेजारच्यानं शर्ट ओढून खाली बसवल्यावर कळलं. बायकोही ठरवलेलं विसरून टाळ्या पिटत होती.

मेहुणा हरला. झगडून, पण हरला. समोरचा त्या दिवशी चांगला खेळला, एवढाच त्याचा अर्थ होता. बाहेर आला तो घामाघूम आणि खुशीत. “हरलो बुवा! काय छान वाटतंय. यात कुणाला काही विचारायचं नाही.”

परतीच्या वाटेवर गाडी बायकोच चालवत होती. दुसऱ्या कुणाच्या हाती चाक दिलं की तिच्या पायांना चैन पडत नसे. मेहुणा मागच्या सीटवर काठ्या पोटाशी धरून झोपला होता. सासऱ्यांचा फोन येऊन गेला होता. जावईबापूंनी उगाच थोरपणा दाखवला, स्वतः गेले असते फायनलला तर घरात कप तरी आला असता, असा त्यांचा आता सूर होता. नाकतोड्यानं नुसतं “हो बाबा” म्हटलं होतं.

तिनं गाडी हमरस्त्याला घेतली. मग आरशातून भावाकडे एक नजर टाकून हळूच म्हणाली, “आता तो झोपलाय. खरं सांग. दिलास ना?”

त्यानं विचार केला. प्रामाणिकपणे केला. “दिला असता तर आठवलं असतं ना मला?”

“तुला? परवा घरातून निघताना गॅस बंद केलास का, ते तरी आठवतंय?”

तो स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणून बघू लागला. शेगडी, बटण, बटणावरचा आपला हात. हात दिसत होता. पण तो बटण फिरवताना दिसत होता की नुसताच शेजारून जाताना, ते काही केल्या ठरेना.

“बंद केलाय,” तो म्हणाला. “बहुतेक.”

बायकोनं गाडीचा वेग वाढवला.